नवं बांधलेलं इंजिन स्लोवर सोडू नका: पहिल्या वीस मिनिटांत कॅमशाफ्ट कसा वाचवायचा

परभणीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. वडिलांची १९७२ ची मार्क टू अ‍ॅम्बेसेडर. गेल्या वर्षी फुल इंजिन काम झालं: ब्लॉक बोअर, क्रँक ग्राइंडिंग, नवे पिस्टन-रिंग, नवा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा, थोडक्यात कॅम). गाडी हजार किलोमीटरही पळाली नाही तोवर एका सिलिंडरचं मिसिंग आणि कार्ब्युरेटरमधून फटफट सुरू झाली. उघडून पाहिलं तर कॅमचा एक लोब, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणारा उंचवटा, घासून जवळजवळ गोल झालेला आणि त्याच्यावरच्या टॅपेटच्या, म्हणजे लोबवर टेकून वर-खाली होणाऱ्या तुकड्याच्या, तोंडाला खड्डा. आता दुसरा कॅम आणला आहे. मिस्त्री म्हणतात की आधीच्या कॅमचं मटेरियलच हलकं होतं, आणि या खेपेला सुरू झाल्यावर चार तास स्लोवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न देता, सोडू, म्हणजे इंजिन नीट बसेल. त्यांचं ऐकावं का? सोबत मागच्या कामाच्या बिलाची यादीही पाठवली आहे.

उत्तर आधी सांगतो, कारणं नंतर. चार तास सोडा, चार मिनिटंसुद्धा स्लोवर ठेवू नका. इंजिन पेटलं की लगेच दोन हजार आरपीएमच्या वर न्यायचं आणि वीस मिनिटं खाली येऊ द्यायचं नाही. आणि मटेरियलला दोष देण्याआधी ती बिलाची यादी पुन्हा वाचा. तिच्यात गॅस्केट सेट आहे, चेन आहे, व्हॉल्व्ह गाइड आहेत, पण आठ टॅपेट कुठंच नाहीत. नव्या कॅमवर जुनी टॅपेट बसवली गेली असतील तर तो कॅम त्याच दिवशी गेला होता, हजार किलोमीटरनंतर तुम्हाला ते फक्त कळलं.

आता हे असं का, ते नीट समजून घ्या, कारण समजलं नाही तर ऐनवेळी गॅरेजमध्ये चार जण चार सल्ले देतात आणि माणूस डगमगतो.

तुमच्या गाडीचं १४८९ सीसीचं इंजिन हे मूळचं इंग्लंडच्या बीएमसी कंपनीचं बी-सिरीज. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये खाली, त्यावर टॅपेट, त्यातून पुशरॉड नावाची सळी वर रॉकरपर्यंत, आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबतो. पद्मिनीचं १०८९ सीसीचं फियाट इंजिन आणि आपल्याकडच्या जुन्या विलीज जीपची पेट्रोल इंजिनं, सगळ्यांचा कॅम ब्लॉकमध्येच. या सगळ्यांत टॅपेट लोबवर घासत चालतं, मध्ये रोलर नाही. आजच्या बऱ्याच गाड्यांत लोबवर रोलर फिरतो, म्हणून आजच्या तरुण मेकॅनिकला हा प्रश्न कधी भेटलेलाच नसतो. त्यात त्याचा दोष नाही.

टॅपेटचं तोंड दिसायला सपाट असलं तरी बहुतेक अशा इंजिनांत ते मध्ये किंचित फुगीर असतं, आणि लोब एका बाजूला किंचित उतरता. हा फरक हजारांश इंचात मोजण्याइतका बारीक, डोळ्यांना दिसत नाही. शिवाय टॅपेट लोबच्या बरोबर मध्यावर न बसता थोडं सरकून बसतं. या रचनेमुळे कॅम फिरला की टॅपेट आपल्या जागी स्वतःभोवती गोल फिरत राहतं. म्हणजे घासण्याची जागा सतत बदलते. टॅपेट फिरायचं थांबलं, की पाट्यावर एकाच जागी वरवंटा ओढत राहावं तसं होतं: तिथंच खड्डा पडतो, आणि खड्डा पडलेलं टॅपेट मग पुन्हा फिरत नाही, ते लोब खात सुटतं.

जुनं टॅपेट एका विशिष्ट लोबवर वर्षानुवर्षं चालून त्याच लोबच्या घडणीचं झालेलं असतं. त्याची फुगवटी गेलेली असते. ते नव्या लोबवर टेकवलं की ते कडेवर टेकतं, फिरत नाही, आणि व्हॉल्व्ह स्प्रिंगचा सगळा दाब एका केसभर जागेवर येतो. म्हणून नियम साधा आहे. नवा कॅम किंवा ग्राइंड केलेला कॅम असेल तर आठही टॅपेट नवीच. जुना कॅम जुन्याच टॅपेटवर परत बसवायचा असेल तर प्रत्येक टॅपेट ज्या लोबवरून काढलं त्याच लोबवर गेलं पाहिजे, म्हणून काढतानाच नंबर टाकून खोक्यात ठेवायचं. चांगल्या अवस्थेतल्या जुन्या कॅमवर नवी टॅपेट चालतात. उलटं कधीच चालत नाही.

काही ठिकाणी खड्डा पडलेली टॅपेट ग्राइंडरवर घासून चकचकीत करून परत देतात. तोंड सपाट झालं म्हणजे दुरुस्त झालं असं त्यांना वाटतं. पण सपाट तोंड म्हणजेच रोग. त्याशिवाय कडक थर पातळ होतो तो वेगळाच. दोन टॅपेटची तोंडं एकमेकांवर टेकवून उजेडासमोर धरा. चांगली असतील तर कडेने बारीक उजेड दिसेल आणि बोटांत ती किंचित डुलतील. हे पाहायला मायक्रोमीटर लागत नाही. दुकानातून आणलेल्या नव्या टॅपेटवरही हे करून पाहाच. हिंदुस्तान मोटर्सचं अ‍ॅम्बेसेडरचं उत्पादन २०१४ ला बंद झालं, तेव्हापासून बाजारात माल कोणाचा आणि कधीचा, हे पाकिटावरून ओळखणं अवघड झालं आहे. दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या सुट्या भागांच्या बाजारातून मागवा नाहीतर संभाजीनगरातल्या जुन्या दुकानातून घ्या, तपासल्याशिवाय इंजिनात घालू नका. बारीक कानस लोबच्या कडेला अलगद लावून पाहा. ती घसरली पाहिजे, धातूत रुतता कामा नये.

दुसरा कॅम नवा आहे की ग्राइंड केलेला, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ग्राइंड केलेला असेल तर दोन गोष्टी विचारा. एक, किती मटेरियल काढलं. जास्त काढलं तर कडक थर संपून आतलं मऊ लोखंड वर येतं. दोन, ग्राइंडिंगनंतर फॉस्फेटिंग, म्हणजे लोबवर फॉस्फेटचा थर चढवणं, केलं का. नव्या कॅमचे लोब काळपट-करडे दिसतात ते याच थरामुळे. हा थर सुरुवातीला तेल आणि पेस्ट धरून ठेवतो, आणि आरशासारखा चमकणारा लोब पहिल्या मिनिटाला जास्त धोक्यात असतो. परभणीहून संभाजीनगर लांब नाही. बजाजचा कारखाना १९८५ ला वाळूजला आला तेव्हापासून त्या पट्ट्यात हीट ट्रीटमेंट आणि कोटिंगची कामं करणारी माणसं आहेत. एक नग घेऊन गेलं तर काही जण नाही म्हणतील, पण विचारायला हरकत नाही.

आता तुमच्या बाबतीत एक जादाचं काम आहे आणि ते टाळू नका. घासलेल्या लोबचं लोखंड कुठं गेलं? तेलात. बारीक पावडर होऊन ते ऑइल पंपात, गॅलरीत (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांत), बेअरिंगच्या मऊ धातूत जाऊन बसलं आहे. ब्लॉक पूर्ण रिकामा करून ऑइल गॅलरीचे प्लग काढा, आतून लांब ब्रश फिरवा, केरोसीनने धुवा, हवा मारा, मग पुन्हा धुवा. क्रँकमधली तेलाची भोकं तशीच साफ करा. ऑइल पंप उघडून आत चरे पडलेत का पाहा, पडले असतील तर बदला. मेन आणि बिगएंडची (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाची) बेअरिंग काढून उजेडात पाहा. काळे कण रुतलेले दिसले तर ती बेअरिंगही गेली समजा. ‘फक्त कॅम बदलू, बाकी इंजिन नवंच आहे’ असं कोणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा.

व्हॉल्व्ह स्प्रिंगकडेही लक्ष द्या. ‘कडक स्प्रिंग टाकली की गाडी चांगली ओढते’ असा समज आहे आणि त्यापायी दुसऱ्या गाडीची स्प्रिंग किंवा खाली जाड वॉशर घातलेले मी पाहिले आहेत. अ‍ॅम्बेसेडरच्या कॅमला त्याची काही गरज नाही. स्प्रिंग जितकी कडक तितका लोबवर दाब जास्त, बस. कंपनीच्या मापाची स्प्रिंग घाला. ज्या इंजिनात एकात एक अशा दोन स्प्रिंग असतात, तिथं पहिल्या वीस मिनिटांसाठी आतली काढून ठेवण्याचीही पद्धत आहे.

फिटिंगच्या वेळी लोबवर आणि टॅपेटच्या तोंडाला मॉलिब्डेनम डायसल्फाइडची काळी असेंब्ली पेस्ट लावायची, हात राखून नाही, भरपूर. टॅपेटच्या बाजूंना मात्र फक्त इंजिन ऑइल, म्हणजे ते आपल्या भोकात मोकळं फिरेल. कोरडं टॅपेट भोकात बोटाच्या दाबाने खाली गेलं पाहिजे आणि सहज फिरलं पाहिजे. कुठं अडकलं तर तिथंच थांबा आणि कारण शोधा. चेसिसचं साधं ग्रीस लावू नका. ते तेलात नीट मिसळत नाही, गोळे होऊन जाळीवर जाऊन बसतं.

ही पेस्ट म्हणजे तुमची एकच शिदोरी आहे, आणि प्रत्येक वेळी सेल्फ मारला की ती थोडी पुसली जाते. म्हणून इंजिन बांधून झाल्यावर कौतुकाने हँडल मारून फिरवत बसू नका. टायमिंगच्या खुणा तपासायला दोन फेरे हाताने फिरवा, तेवढे पुरेत. गाडी रंगाला जाऊन सहा-सहा महिने इंजिन पडून राहतं, तेव्हा साधं तेल निथळून जातं पण पेस्ट टिकते. तरीही फार दिवस गेले असतील तर ब्लॉकच्या बाजूची टॅपेट कव्हरं उघडा आणि पुशरॉड काढून टॅपेट वर घ्या, नवीन पेस्ट लावा. बी-सिरीज इंजिनात ही सोय आहे, कॅम काढावा लागत नाही. सोय आहे तर वापरा.

तेलाबद्दल बरेच गैरसमज आहेत. लोब आणि टॅपेटच्या मध्ये जिथं तेलाची फिल्म टिकत नाही, तिथं धातूला वाचवतो तो झिंक आणि फॉस्फरसचा एक अ‍ॅडिटिव्ह. दाबाने आणि उष्णतेने तो फुटतो आणि धातूवर काचेसारखा पातळ थर तयार करतो. धातूऐवजी तो थर झिजतो आणि पुन्हा तयार होतो. १९४० च्या दशकापासून हा इंजिन ऑइलमध्ये आहे. पुढे गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. फॉस्फरसने ते खराब होतात, म्हणून पेट्रोल गाड्यांच्या तेलात त्यावर मर्यादा घातली गेली. २००४ च्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएम ग्रेडपासून ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ तेलांत फॉस्फरस ०.०८ टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. एसएन आणि एसपी ग्रेडमध्येही ती मर्यादा राहिली. नव्या गाडीसाठी हे योग्यच आहे. तुमच्या गाडीला कन्व्हर्टर नाही, त्यामुळे त्या मर्यादेचा तुम्हाला फायदा शून्य, तोटा मात्र थेट कॅमला.

मग घालायचं काय? खास ब्रेक-इन ऑइल मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर तालुक्याच्या कोणत्याही ट्रॅक्टरच्या दुकानात मिळणारं, चांगल्या कंपनीचं सीलबंद १५डब्ल्यू-४० सीआय-४ डिझेल ग्रेडचं मिनरल ऑइल घाला. त्यात झिंक-फॉस्फरस सहसा भरपूर असतं. पुढे नेहमीसाठी २०डब्ल्यू-५० मिनरल आपल्या उन्हाळ्याला चांगलं. सिंथेटिक आत्ता नको. इंधन वाचवणारं म्हणून विकलं जाणारं पातळ तेल नको. आणि झिंकची बाटली वेगळी आणून अंदाजाने ओतणं तर नकोच. गरजेपेक्षा जास्त झालं तर तेच रसायन धातूला खाऊ लागतं. सीलबंद डबा आणि पक्कं बिल घ्या, नकली तेलाचा सुळसुळाट सगळीकडे आहे.

आता खऱ्या कामाकडे. नवं इंजिन पेटण्याआधी तेल सगळीकडे पोचलेलं असलं पाहिजे. बी-सिरीजचा पंप कोरडा असला तर तेल उचलायला वेळ लावतो, म्हणून बसवताना त्याच्या आत व्हॅसलीन भरतात. ऑइल फिल्टर शक्य तितका भरून लावतात. पण माझ्या मते सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे बाहेरून तेल दाबणं. ऑइल गेजची नळी ब्लॉकला जिथं जोडतात, तिथून दाबाने तेल आत सोडायचं. त्यासाठी पाच लिटरचा हाताने हवा भरायचा फवारणी पंप कोरा करकरीत आणा, पुढची नोझल काढून तिथं योग्य नळी लावा. शेतात औषध मारलेला पंप धुऊनही वापरू नका. उन्हाळ्यात तेल पातळ असतं, चढायला त्रास होत नाही. हिवाळ्यात डबा उन्हात ठेवा. वरचं रॉकर कव्हर काढलेलं असू द्या. एक जण पंप दाबेल, दुसरा हँडलने क्रँक सावकाश एक-दोन फेरे फिरवेल. रॉकरवर तेल पाझरताना दिसलं की काम झालं. स्पार्क प्लग काढून सेल्फने घुमवत प्रेशर आणण्याची पद्धत सगळीकडे आहे आणि तेवढ्याने कॅम मरतोच असं नाही, पण ती पेस्ट पुसते. पर्याय असताना ती कशाला?

यानंतरचा नियम: इंजिन पहिल्या दोन-चार फेऱ्यांत पेटलं पाहिजे. सेल्फवर कॅम अगदी हळू फिरतो, लोबवर तेल उडत नाही. म्हणून इग्निशन आणि पेट्रोल यांत आधीच काही शंका ठेवू नका. एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला, म्हणजे सगळ्यांत वरच्या जागी, आणा, डिस्ट्रिब्युटरचा रोटर एक नंबरकडे आहे का पाहा, फायरिंग ऑर्डर १-३-४-२ प्रमाणे वायरी लावा, पॉइंटचा गॅप बघा आणि बल्ब लावून स्टॅटिक टायमिंग बसवा. नवा पॉइंट, नवा कंडेन्सर, चार्ज केलेली बॅटरी. प्लग बाहेर काढून ठिणगी बघायची असेल तर ती आधीच बघून घ्या, इंजिन बांधल्यावर नाही. डिस्ट्रिब्युटर हाताने फिरवूनही ती दिसते.

पेट्रोलचं तर विशेष सांगावं लागेल. ज्या गाडीत पेट्रोल पंप ब्लॉकला बसवलेला असतो, जीप आणि पद्मिनीत तो असतोच, तो पंप कॅमवरच चालतो. टाकीपासून रिकाम्या नळीतून पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत ओढायला सेल्फ मिनिट-मिनिट मारावा लागतो. म्हणजे ज्या कॅमला वाचवायचं त्यालाच कोरडा घासून पेट्रोल ओढायचं. त्यापेक्षा फ्लोट चेंबर आधी भरा आणि पेट्रोलची बंद डबी उंचावर टांगून नळी थेट कार्ब्युरेटरला द्या. डबी एक्झॉस्टपासून लांब, क्लिप घट्ट, आणि अग्निशामक सिलिंडर हाताशी. हे काम बंद शेडमध्ये करायचं नाही, उघड्यावर करायचं.

आणि टोचन लावायचं नाही. इंजिन घट्ट आहे, सेल्फने फिरत नाही, म्हणून ट्रॅक्टरला दोरी बांधून गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडी ओढायची ही आपल्या भागातली रीतच आहे. ज्या इंजिनला पेटायला टोचन लागतं त्यात काहीतरी चुकलेलं आहे: बेअरिंगला गॅप कमी, रिंगचा गॅप कमी, टायमिंग चुकलेलं, नाहीतर बॅटरी-अर्थिंग खराब. ओढत नेताना तो दोष तर राहतोच, वर कॅम पेटण्याआधी शेकडो फेरे कोरडा फिरतो. ट्रॅक्टर आणायला माणूस पाठवण्याऐवजी एक मोठी बॅटरी आणायला पाठवा.

पाण्याचंही आधीच बघा. वीस मिनिटं गाडी जागेवर दोन हजाराच्या वर चालणार आणि समोरून वारा नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळीसच्या वर असतो. म्हणून पहाटे किंवा सकाळी लवकर हे काम घ्या, रेडिएटरसमोर कूलरचा मोठा फॅन लावा. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नका. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं, क्षार बसतात. फिल्टरच्या जारचं पाणी आणि कूलंट घाला. हीटरचा कॉक असेल तर उघडा ठेवा, हवा अडकून राहत नाही.

कार्ब्युरेटरचा आयडल स्क्रू आधीच भरपूर आत घ्या, म्हणजे इंजिन पेटल्याबरोबर वर जाईल, खाली बसणार नाही. तिघं जण हवेत. एक अ‍ॅक्सिलरेटरवर, एक ऑइल प्रेशरवर डोळा ठेवून, एक बॉनेटपाशी गळती आणि पाणी बघायला. गाडीला फक्त ऑइलचा लाल दिवा असेल तर या कामापुरता तरी गेज लावा.

पेटलं. दहा सेकंदांत प्रेशर दिसलं पाहिजे, नाही दिसलं तर लगेच बंद. दिसलं की दोन हजारावर आणि मग वीस मिनिटं दोन हजार ते अडीच हजारांच्या दरम्यान, दर मिनिटाला थोडं वर, थोडं खाली. मुद्दाम हलवत ठेवायचं, कारण क्रँकवरून उडणाऱ्या तेलाचा मारा प्रत्येक वेगाला वेगळ्या जागी पडतो. आरपीएम मीटर नसेल तर टायमिंग लाइट किंवा मल्टिमीटरवर पाहा. तेही नसेल तर अ‍ॅम्बेसेडर टॉपला ताशी पंचावन्न-साठने जाताना इंजिनाचा जो आवाज असतो तो लक्षात आणा. तो साधारण याच वेगाचा आहे.

इथं शेजारचा कोणीतरी हमखास ओरडेल: नवं इंजिन आहे, एवढं कशाला फाडताय, स्लो करा! तेव्हा त्याला हे सांगा. स्लोवर क्रँक सातशे आरपीएमने फिरतो, कॅम त्याच्या निम्म्याने, म्हणजे साडेतीनशेने. लोबला तेलाची वेगळी नळी नाही. त्याला तेल मिळतं ते क्रँक आणि बिगएंडवरून उडालेलं. साडेतीनशेला ते उडतच नाही म्हणावं इतकं कमी. शिवाय लोबच्या टोकावर स्लोमध्ये स्प्रिंगचा पूर्ण दाब असतो. वेग वाढला की वर जाणाऱ्या टॅपेट-पुशरॉडचा स्वतःचा झोक त्या दाबातून काही भाग वजा करतो. म्हणजे कानाला जे सौम्य वाटतं ते लोबसाठी सगळ्यांत कठोर आहे. स्लोवर सोडण्याची रीत माझ्या मते व्हाइट मेटलची बेअरिंग हाताने खरडून बसवायच्या काळातली आहे. तुमच्या मिस्त्रींच्या उस्तादांनी ती तेव्हा शिकवली आणि त्या कामाला ती ठीकही असेल. आज तयार शेल बेअरिंग येतात, त्यांना तासन्‌तास बसवावं लागत नाही. आणि रिंगसाठीही स्लो वाईटच. रिंग बसायला सिलिंडरमध्ये दाब लागतो. बिनदाबाच्या तासांत भिंतीवर चकाकी चढते आणि मग गाडी कायम तेल खाते. मिस्त्रींशी भांडू नका, हे त्यांच्यासमोर बसून नीट बोला. अनुभवी माणसाला कारण पटलं की तो तुमच्यापेक्षा जास्त काळजी घेतो.

वीस मिनिटांत एखादी नळी गळली, पाणी उकळायला लागलं, काही खटखटलं, तर स्लोवर आणून बघत बसू नका. सरळ किल्ली बंद. दुरुस्त करा, पुन्हा पेटवा, पुन्हा थेट दोन हजारावर. राहिलेली मिनिटं तेव्हा पूर्ण करा. तुकड्यातुकड्यांनी वीस मिनिटं झाली तरी चालतात. सायलेन्सरवरून धूर येईल, नवा रंग आणि तेल जळतं, त्याला घाबरू नका. मॅनिफोल्ड लाल दिसायला लागला तर टायमिंग मागे आहे, डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवून टायमिंग पुढे घ्या.

आणि जर पेटलंच नाही? दहा सेकंद सेल्फ मारून थांबा. ठिणगी आहे का, पेट्रोल आहे का, टायमिंग एकशे ऐंशी अंशांनी उलटं तर बसलं नाही ना, हे शोधा. पुन्हा दहा सेकंद. असे बरेच प्रयत्न झाले असतील तर त्या दिवशी हट्ट सोडा, बाजूची कव्हरं उघडून टॅपेटला पुन्हा पेस्ट लावा आणि दुसऱ्या दिवशी या. एक दिवस गेलेला परवडतो.

वीस मिनिटं झाली की इंजिन बंद करून तेल गरम असतानाच सोडा आणि फिल्टर बदला. तेल काळं दिसेल, ती मॉलीची पेस्ट आहे. पसरट भांड्यात घेऊन उन्हात धरा आणि त्यातून चुंबक फिरवा. पहिल्या तेलात थोडी बारीक करडी पूड चुंबकाला लागणं अपेक्षित आहे. बोटांना टोचणारे चकचकीत कण लागले तर पुढे जाऊ नका.

मग इंजिन पूर्ण गार झाल्यावर हेड मॅन्युअलप्रमाणे पुन्हा टाइट करा आणि आठही टॅपेटचे गॅप (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) फीलर गेजने मोजून वहीत लिहा. ही वही फार महत्त्वाची आहे. लोब घासायला लागला तर त्याची पहिली खूण आवाज नसतो, त्या एका व्हॉल्व्हचा गॅप वाढलेला असतो. रॉकर कव्हर काढून इंजिन पुन्हा थोडा वेळ चालवून पाहा: पुशरॉडवर रंगाचा ठिपका दिला तर तो फिरताना दिसतो. आठही फिरले तर टॅपेट फिरत आहेत. एखादा जागच्या जागी वर-खाली होत असेल तर लोब वाचवायला अजून वेळ आहे. लगेच बंद करा आणि ते टॅपेट बाहेर काढून तोंड पाहा.

त्याच दिवशी गाडी रस्त्यावर काढा, गॅरेजमध्ये उभी करून ठेवू नका. परभणी-जिंतूर रस्ता मोकळा मिळाला तर उत्तम. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये मध्यम जोर देऊन वेग वाढवायचा, मग पाय सोडून गाडीला इंजिनावर हळू होऊ द्यायचं, असं पुन्हा पुन्हा. एकाच वेगाने तासभर जायचं नाही, टॉपला ओढ घेत चढ चढवायचा नाही. पन्नास-साठ किलोमीटरनंतर गार झाल्यावर गॅप पुन्हा मोजा आणि वहीशी ताडून बघा, पाचशे किलोमीटरला तेल-फिल्टर पुन्हा बदला आणि पुन्हा मोजा. नवे भाग बसताना सगळ्या व्हॉल्व्हचे गॅप हजारांश-दोन हजारांशने इकडेतिकडे होतात, त्याची चिंता नको. पण सात जागच्या जागी आणि एकच दर वेळी वाढतोय असं दिसलं तर तो गॅप अ‍ॅडजस्ट करून गाडी पुढे चालवू नका. टॅपेट कव्हर उघडून तो लोब पाहा आणि मला त्या टॅपेटच्या तोंडाचा फोटो पाठवा.